केप लुकआउट : समुद्रात शिरलेल्या सोंडेवरची पहिली पायपीट

पोर्टलंड, बीव्हरटन किंवा हिल्सबरो या भागात नोकरीनिमित्त नव्याने आलेला मराठी माणूस पहिल्या दोन-तीन महिन्यांतच ओरेगनच्या किनाऱ्यावर एकदा तरी जाऊन येतो. ही पहिली फेरी बहुधा कॅनन बीचची असते. गाडी लावायची, पाण्यातल्या त्या प्रचंड खडकासमोर छायाचित्रे काढायची, जुलै महिना असूनही कुडकुडायचे आणि चहा शोधत परत फिरायचे. ज्यांना गडकोट चढण्याची सवय आहे, निदान कॉलेजात असताना होती, त्यांनी दुसरी फेरी मात्र केप लुकआउटसाठी राखून ठेवावी. वाट अवघड नाही; परंतु सह्याद्रीत अंगवळणी पडलेल्या बऱ्याच गोष्टी इथे उलट्या लागू होतात, आणि त्या आधी ठाऊक नसल्या तर एवढीशी वाटही चांगलीच महागात पडते.

जागा कशी आहे

केप लुकआउट हे टिलामुक गावाच्या नैर्ऋत्येला साधारण १९ किलोमीटरवर असलेले भूशिर आहे. किनारा उत्तर-दक्षिण धावत असताना तिथे त्याला एक उंच, अरुंद सोंड काटकोनात फुटते आणि थेट पश्चिमेला अडीच-तीन किलोमीटर पॅसिफिक महासागरात घुसते. राजगडाची संजीवनी माची ज्यांनी पाहिली आहे त्यांनी तिची तटबंदी मनातल्या मनात काढून टाकावी, माथ्यावर जुने, दाट सूचिपर्णी जंगल उभे करावे आणि तिन्ही बाजूंच्या दऱ्यांत समुद्राचे पाणी भरावे, म्हणजे चित्र जवळजवळ पुरे होते. या सोंडेवरून टोकापर्यंत जाणाऱ्या पाऊलवाटेला केप ट्रेल म्हणतात.

एका बाजूने अडीच मैल आणि जाऊन-येऊन पाच मैल, म्हणजे आठ किलोमीटर, एवढीच ही चाल आहे. वाट सुरू होते ती समुद्रसपाटीपासून सुमारे ८५० फुटांवर, अगदी गाडीतळापाशी, आणि संपते ती टोकावर, सुमारे ४०० फुटांवर. या दोन आकड्यांचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. गडावर जाताना चढ आधी येतो आणि दमलेल्या पायांना उतार मिळतो. इथे जाताना उतार आहे आणि परतताना, पोट भरलेले व मोजे भिजलेले असताना, चढ आहे. शिवाय मधल्या खळग्यांमुळे थोडा चढ जातानाही लागतो आणि तो परतीच्या हिशेबात बहुतेकांच्या लक्षात येत नाही. साधारण चालीने तीन तास धरावेत, लहान मुले बरोबर असतील तर चार. टोकावर तासाभरात पोहोचलो म्हणून परतीलाही तासच लागेल, असे गृहीत धरू नये.

दगडाविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ही सोंड बेसाल्टची, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचीच आहे. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी पूर्व ओरेगन, वॉशिंग्टन आणि आयडाहोच्या बाजूला जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा उसळला आणि शेकडो किलोमीटर वाहत समुद्रापर्यंत आला. त्यातला लाटांना पुरून उरलेला कठीण भाग म्हणजे हे भूशिर. दख्खनचा कातळ याहून पुष्कळ जुना, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, पण घडण्याची रीत तीच. त्यामुळे कडा लांबून ओळखीचा वाटतो. पायाखाली मात्र तो कातळ जवळजवळ कुठेच लागत नाही, कारण पाने, लाकूड आणि शेवाळ कुजून झालेल्या मऊ मातीने तो झाकलेला आहे. कातळावर घट्ट चिकटतो म्हणून आपण ज्या सपाट रबरी तळाचे कौतुक करतो, तो तळ या मातीवर लोण्यावरून सुरी फिरावी तसा फिरतो.

कधी जावे

टिलामुक परिसरात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक, म्हणजे साधारण मुंबईएवढा पाऊस पडतो. मुंबईचा पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो आणि उबदार असतो. इथला पाऊस ऑक्टोबरपासून मेपर्यंत रिपरिपत राहतो, आणि त्याचे पाणी मानेवरून आत शिरले की थोड्याच वेळात बोटांना जाकिटाची चेनही ओढवत नाही. भिजण्यातली गंमत ही आपल्या पावसाळी ट्रेकची जान असली, तरी ती इथे आणता येत नाही. थंड वारा आणि ओले अंग हे एकत्र आले की माणूस आधी थरथरतो, मग चिडचिडतो, मग बावचळल्यासारखा वागू लागतो, आणि ही शेवटची पायरी धोक्याची असते. बरोबरचा कोणी विनाकारण अडखळू लागला किंवा बोलताना जीभ जड झाली, तर त्याचे ओले कपडे बदलून, गरम चहा पाजून त्याला तिथूनच परत फिरवावे.

म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने जुलै ते सप्टेंबर हे महिने निवडावेत. मला स्वतःला सप्टेंबर अधिक आवडतो, कारण शाळा सुरू झाल्याने गर्दी ओसरलेली असते आणि चिखल वर्षातला सर्वांत कमी असतो. उन्हाळ्यात अडचण असते ती धुक्याची. या दिवसांत किनाऱ्यालगत खोल समुद्रातले थंड पाणी वर येते, त्यावरची दमट हवा थंडावते आणि धुके धरते. हिल्सबरोला पारा ३२ अंशांवर असताना सोंडेवर तो १५-१६ अंश असतो, हा अनुभव इतक्यांदा येतो की त्याचे नवल वाटेनासे होते. धुके पुष्कळदा दुपारपर्यंत विरते, पण कधी कधी दिवसभर हलत नाही. अशा दिवशी टोकावरून समुद्र ऐकू येतो, दिसत नाही. अंदाज पाहताना आपल्या शहराचा पाहू नये, किनाऱ्याचा पाहावा, आणि त्यातही वाऱ्याचा रकाना आधी वाचावा. जोरदार वाऱ्याचा इशारा असेल तर बेत सरळ रद्द करावा. इथल्या उंच झाडांची मुळे ओल्या मातीत उथळ पसरलेली असतात, आणि वादळात फांद्याच नव्हेत, तर अख्खी झाडे आडवी होतात.

देवमाशांसाठी जायचे असेल तर वेळापत्रक बदलते. ग्रे व्हेल हे देवमासे मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातील उबदार खाड्या आणि अलास्कापलीकडचा उत्तरेचा समुद्र यांच्यामध्ये दरवर्षी ये-जा करतात. दक्षिणेकडे जाणारे कळप डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत इथून जातात, आणि उत्तरेकडे परतणारे मार्चअखेरीपासून जूनपर्यंत. पिले बरोबर घेतलेल्या माद्या सर्वांत शेवटी, बहुतेक मे महिन्यात येतात. सोंड समुद्रात एवढी आत गेलेली असल्याने किनाऱ्याच्या कडेने पोहणाऱ्या या प्राण्यांना तिच्या टोकाला वळसा घालावाच लागतो. डिसेंबरातला समुद्र खवळलेला आणि दिवस आखूड असल्याने नवख्याने एप्रिल-मेमधला एखादा स्वच्छ, कमी वाऱ्याचा दिवस पकडावा आणि चिखलाची मनाची तयारी ठेवावी.

दिवस किती आखूड, हेही पाहून ठेवावे. जूनअखेर सूर्य नऊनंतर मावळतो. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास मावळतो, आणि झाडीत अंधार त्याच्या अर्धा तास आधीच दाटतो. माझी पहिली खेप नोव्हेंबरअखेरची. दुपारी दोनला चालायला लागलो, टोकावर बसून निवांत डबा खाल्ला, आणि परतीचा शेवटचा मैल मोबाइलच्या दिव्यात, मुळ्यांना ठेचा खात पार केला. अंगात जीन्स होती आणि ती गुडघ्यापर्यंत भिजून लाकडासारखी कडक झाली होती. वाट सोपी होती, म्हणूनच मी तयारी केली नव्हती.

काय घालावे, काय घ्यावे

सुती कपडे घरी ठेवावेत. सुती शर्ट घामाने किंवा धुक्याने एकदा ओला झाला की इथल्या हवेत वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषून घेतो. जीन्स तर सर्वांत वाईट. अंगाला लागून कृत्रिम धाग्याचा किंवा लोकरीचा पातळ सदरा, त्यावर फ्लीस आणि त्यावर टोपीचे जलरोधक जाकीट, असे तीन थर पुरतात, आणि ते ऑगस्टमध्येही बरोबर असावेत. छत्री वाऱ्यापुढे टिकत नाही. पोंचोत वारा भरून तो तोंडावर उडतो आणि नेमकी पायाखालची वाट झाकतो, म्हणून तोही नको.

बुटांच्या तळाला खोल खाचा असाव्यात आणि ते घोट्यापर्यंत चढणारे असले तर बरे. पावलांचे माप, किंमत, कंपनी या चर्चा मी इथे करत नाही. तळ उलटा करून पाहावा, खाचेत करंगळीचे नख पुरते बुडले पाहिजे. मोज्यांचा एक कोरडा जोड पाठपिशवीत आणि दुसरा गाडीत ठेवावा. एक काठी अवश्य घ्यावी. सह्याद्रीत काठीला म्हातारपणाचे लक्षण समजणारे माझे मित्र इथल्या पहिल्या डबक्यापाशी काठी मागू लागतात.

पाणी माणशी एक ते दीड लिटर पुरते. उन्हाळी ट्रेकला तीन लिटर वाहायची आपली सवय इथे कामाची नाही. मात्र वाटेत प्यायचे पाणी कुठेही मिळत नाही आणि टोकावर ताक किंवा लिंबूसरबत घेऊन बसलेल्या मावशीही नसतात. दशम्या-चटणी, गूळ-शेंगदाणे, चिक्की असे हातमोजे न काढता खाता येईल ते न्यावे, आणि थर्मासमधून गरम चहा. सालपटे, चुरा, चहाची पिशवी हे सगळे परत आणायचे आहे, म्हणून एक रिकामी पिशवी ठेवावी. संत्र्याची साल 'मातीत मिसळेल' म्हणून झुडपात टाकणारे पुष्कळ भेटतात. या थंड हवेत ती महिनोन्महिने तशीच राहते.

याखेरीज कपाळावर बांधायचा दिवा, शिट्टी आणि शक्य असेल तर दुर्बीण घ्यावी. नकाशा निघण्यापूर्वीच मोबाइलमध्ये उतरवून घ्यावा, कारण सोंडेवर नेटवर्कचा भरवसा नाही. मागे कोणाला तरी 'इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर ९११ ला कळव' असे वेळेसह सांगून ठेवावे. नुसते 'समुद्राकडे जातोय' म्हणून सांगण्याचा शोध घेणाऱ्यांना काही उपयोग होत नाही.

पोहोचणे

पोर्टलंडहून पश्चिमेला महामार्ग २६ धरावा, पुढे डावीकडे फुटणाऱ्या राज्य महामार्ग ६ ने डोंगररांग ओलांडून टिलामुकला यावे, आणि तिथून नेटार्ट्सच्या बाजूने केप लुकआउटच्या पाट्या पाहत जावे. एकूण सुमारे १४० किलोमीटर आणि दोन तास. महामार्ग ६ वळणावळणाचा आहे. ज्यांना गाडी लागते त्यांनी आल्याची वडी किंवा आवळासुपारी हाताशी ठेवावी. या रस्त्याच्या दोन्ही अंगांना जे हिरवेगार जंगल दिसते ते फार जुने नाही. १९३३ साली इथे भीषण वणवा लागला, आणि मग १९३९, १९४५ व १९५१ असा दर सहा वर्षांनी पुन्हा लागत गेला. नंतर सात कोटींहून अधिक रोपे लावून हे डोंगर पुन्हा झाकले गेले. लावणाऱ्यांत शाळेतली मुलेही होती. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे सोंडेवरचे जंगल पाहताना लावलेल्या आणि आपोआप वाढलेल्या रानातला फरक डोळ्यांना आपसूक कळतो. लावलेल्या रानात झाडे एका वयाची, एका जाडीची. सोंडेवर मात्र आजोबा, नातवंडे आणि आडवे पडलेले पूर्वज असे सगळे एकत्र नांदतात.

टिलामुकमध्ये पेट्रोल आणि स्वच्छतागृह ही दोन्ही कामे उरकून घ्यावीत. इथले चीजचे प्रसिद्ध कारखाना-दुकान परतीसाठी ठेवावे. जाताना तिथे शिरलेली मंडळी तासाभराने, आइस्क्रीम खाऊन सुस्तावून बाहेर येतात आणि मग दुपार हातची जाते.

यानंतर एक चूक नवख्यांकडून हमखास होते. मोबाइलला नुसते 'केप लुकआउट स्टेट पार्क' सांगितले, तर तो आपल्याला समुद्रकाठच्या तंबूतळावर नेऊन सोडतो. केप ट्रेलची सुरुवात तिथे नाही. ती त्याच रस्त्याने दक्षिणेला सुमारे अडीच-तीन मैल पुढे, घाट चढून गेल्यावर उजव्या हाताला असलेल्या गाडीतळापाशी आहे. तंबूतळावरूनही वर येणारी पाऊलवाट आहे, पण तिने चालण्यात जाऊन-येऊन साडेचार मैलांहून अधिक भर पडते आणि खिंडीपर्यंतचा सगळा चढ पदरी येतो. म्हणून शोधताना 'केप लुकआउट ट्रेलहेड' असेच लिहावे. पार्किंगचे सध्याचे शुल्क आणि पडझडीमुळे वाट बंद आहे का, हे दोन्ही घरून निघतानाच ओरेगन राज्य उद्यानांच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे. गाडीत पिशवी, लॅपटॉप, अगदी रिकामे पाकीटही दिसेल असे ठेवू नये.

प्रत्यक्ष वाट

गाडीतळावरून वाटा फुटतात त्या नीट पाहून घ्याव्यात. उजवीकडची उत्तरेला तंबूतळाकडे उतरते. ती आपली नव्हे. डावीकडची धरावी. ती झाडीत शिरल्यावर थोड्याच पावलांत तिला डाव्या हाताला आणखी एक वाट फुटते, जी दक्षिणेच्या पुळणीवर उतरते. तिथे न वळता सरळ पश्चिमेला जावे. दहा मिनिटे चालूनही वाट नागमोडी वळणांनी एकसारखी खालीच उतरत असेल, तर आपण पुळणीच्या वाटेला लागलो आहोत असे समजून माघारी फिरावे. केप ट्रेलवर पहिल्या फाट्यानंतर पुन्हा चुकायला जागा नाही. सोंड अरुंद आहे आणि वाट तिच्यावरून एकटीच जाते.

पहिल्या अर्ध्या मैलात घाई करू नये. इथे मुख्यतः दोन झाडे आहेत, सिट्का स्प्रूस आणि वेस्टर्न हेमलॉक. ओळखायची खूण सोपी आहे. स्प्रूसच्या सालीचे नाण्याएवढे खपले सुटलेले असतात आणि त्याची सुईसारखी पाने हाताला टोचतात. हेमलॉकची पाने आखूड व मऊ, आणि त्याचा शेंडा लाजल्यासारखा वाकलेला. वाटेच्या कडेला एखादे मोठे खोड आडवे पडलेले दिसले की जवळ जाऊन पाहावे. त्यावर बोटभर जाडीचे शेवाळ असते आणि त्या शेवाळात हेमलॉकची वीतभर रोपे एका ओळीत उगवलेली असतात, जणू कोणी वाफ्यात लावली आहेत. जमिनीवरच्या नेच्यांच्या दाटीत बीला उजेड मिळत नाही, तो या पडक्या खोडावर मिळतो. थोडे पुढे याच गोष्टीचा शेवट दिसतो: खोड कुजून नाहीसे झाले आहे आणि त्याच्यावर वाढलेले झाड आता मुळ्यांच्या पायांवर उभे आहे, खाली पोकळी ठेवून. लहान मुले त्या पोकळीतून आरपार जातात. तिथेच ओल्या पानांवर पिवळट, बिनकवचाची, हाताच्या वितीएवढी गोगलगाय भेटण्याचा संभव असतो. तिच्यावर पाय पडणार नाही एवढे पाहावे.

अर्ध्या मैलाच्या थोडे पुढे एक धातूचा स्मृतिफलक लागतो. १ ऑगस्ट १९४३ रोजी बी-१७ जातीचे एक बॉम्बफेकी विमान ढगांत वाट चुकून या सोंडेवर आदळले आणि आतल्या दहांपैकी एकच जण वाचला. भर उन्हाळ्यातला दिवस होता, हे तारखेवरून दिसतेच. धुक्याविषयी वर जे लिहिले ते कोणाला अतिशयोक्त वाटले असेल, तर त्याने या फलकापाशी क्षणभर थांबावे. याच टप्प्यात झाडी विरळ होऊन दक्षिणेचा किनारा उघडतो आणि दूरवर केप किवांडाचा पिवळसर कडा दिसतो.

यापुढे चिखल सुरू होतो, आणि नवख्याची खरी परीक्षा इथे आहे. डबके दिसले की कडेच्या गवतावरून वळसा घालण्याची इच्छा होते. तसे करू नये. एक तर त्यामुळे वाट दर वर्षी रुंद होत जाते आणि नेचे तुडवले जातात. दुसरे म्हणजे कडेची माती वरून कोरडी दिसली तरी तिच्याखाली आधार असेलच असे नाही. काठीने खोली पाहावी, पाऊल सपाट टाकावे आणि सरळ मधून जावे. बूट धुता येतात. मुळ्यांचा प्रकार वेगळा. ओली मूळ साबणासारखी असते. तिच्यावर पाय न देता ती ओलांडावी, आणि द्यावाच लागला तर तिच्या लांबीवर न देता आडवा द्यावा. काही ठिकाणी लाकडी फळ्या टाकल्या आहेत, त्यांवरही शेवाळ असते, तेव्हा पावले आखूड टाकावीत. सह्याद्रीतला घसारा पाय सरकण्याआधी खडखडून सूचना देतो. चिखल काही बोलत नाही.

साधारण निम्म्या वाटेवर वाट सोंडेच्या उत्तर अंगाला येते आणि खाली कपारीत आपटणारे पाणी दिसते. उत्तरेला दूर केप मीअर्सचे भूशिर आणि त्याच्या अलीकडे समुद्रात उभे असलेले 'थ्री आर्च रॉक्स' हे खडक दिसतात. समुद्रपक्ष्यांच्या वस्तीमुळे १९०७ साली या खडकांना राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी संरक्षण दिले. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेचे ते पहिले राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान. नावाची एक गंमतही इथेच सांगण्याजोगी आहे. १७८८ मध्ये जॉन मीअर्स या दर्यावर्दी कप्तानाने 'केप लुकआउट' हे नाव दिले होते ते त्या उत्तरेच्या भूशिराला. पुढे १८५०च्या दशकात नकाशे करताना ते चुकून सुमारे १६ किलोमीटर दक्षिणेला, आपण उभे आहोत त्या सोंडेवर छापले गेले, आणि खलाशांनी तेच उचलले. चूक दुरुस्त करण्याऐवजी मग मूळ भूशिरालाच कप्तानाचे नाव देऊन टाकले. सरकारी कागदावर एकदा चढलेले नाव खाली उतरत नाही, हे आपल्याला सांगायला नकोच.

कडा आणि टोक

शेवटच्या टप्प्यात झाडी कमी होते, वारा अंगावर येतो आणि वाट काही ठिकाणी कड्याच्या अगदी काठाने जाते. खाली सरळ समुद्र आहे, शंभर मीटरहून अधिक खोल. गडावरचा कडा बहुधा उघडा, कातळी असतो. तो कुठे संपतो हे दिसते. इथे काठावर सलाल नावाचे जाड पानांचे झुडूप दाट माजलेले असते आणि ते कड्याच्या पुढेही हात-दीड हात पसरते. वरून पाहणाऱ्याला ती जमीनच वाटते. म्हणून एकच नियम पाळावा: जिथे उघडी माती दिसत नाही तिथे पाऊल ठेवायचे नाही. छायाचित्रासाठी मागे मागे सरकणे, झुडपावर टेकणे, पडलेली टोपी उचलायला वाकणे, हे सर्व इथे वर्ज्य. दहा वर्षांखालील मुलाचा हात या टप्प्यात मोठ्याने धरलेला असावा. मूल आतल्या बाजूला, मोठा माणूस काठाकडे. कुत्रा बरोबर असेल तर राज्य उद्यानांच्या नियमानुसार त्याचा पट्टा सहा फुटांपेक्षा लांब नको.

टोकावर पोहोचल्यावर बसण्यापूर्वी जाकीट चढवावे. चालताना आलेला घाम थांबल्याबरोबर गार पडतो, आणि थंडी वाजू लागल्यावर घातलेले जाकीट उशीर झालेलेच असते. मग पाठीला झाडीचा आडोसा घेऊन बसावे.

देवमासा पाहण्याची रीत अशी. दुर्बीण लगेच डोळ्यांना लावू नये. आधी नुसत्या डोळ्यांनी क्षितिजापासून अलीकडे, डावीकडून उजवीकडे संथपणे पाहत यावे. दिसतो तो मासा नव्हे, त्याच्या श्वासाचा फवारा: निळसर पाण्यावर पांढरा, झुडपाएवढा वाफेचा झुबका, दोन-तीन क्षण टिकून वाऱ्याने पुसला जाणारा. तो दिसला की बोट त्या दिशेला तसेच ठेवून दुर्बीण उचलावी. ग्रे व्हेल बहुधा अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने तीन ते पाच वेळा श्वास घेतो आणि मग शेपूट वर काढून काही मिनिटांसाठी खोल बुडतो. तेव्हा एक फवारा हुकला तरी दुसरा त्याच ओळीत, थोडा पुढे मिळतो. शार्कसारखा पाठीवरचा पंख शोधू नये, या प्राण्याला तो नसतोच. पाठ करड्या, ठिपकेदार कातळासारखी असते, आणि लाटांचा फेस उडवणारे खडकही खाली पुष्कळ आहेत, त्यामुळे पहिल्या तासात निम्मे देवमासे दगड निघतात.

परतीची वेळ घरीच ठरवून निघावे आणि ती झाली की टोक आले नसले तरी वळावे. सूर्यास्ताआधी किमान दोन तास टोकावरून निघालेले असावे, असा माझा ढोबळ हिशेब आहे. परतीचा चढ छातीवर येणारा नाही, पण लांबट आहे. पहिल्या मैलात मुद्दाम सावकाश चालावे. बहुतेक घसरगुंड्या परतीच्याच असतात, कारण तोवर बोलणे वाढलेले असते आणि पायांकडे लक्ष उरलेले नसते.

वेळ उरला म्हणून खाली तंबूतळाजवळच्या पुळणीवर जायचे असेल, तर समुद्राकडे पाठ करून उभे राहू नये. या किनाऱ्यावर मधूनच एखादी लाट इतरांपेक्षा कितीतरी पुढे धावून येते, आणि वाळूवर पडलेले ओंडके, जे बसायला बाकासारखे वाटतात, ते अशा लाटेत गडगडतात; एवढाल्या लाकडाला हलवायला घोटाभर पाणीही पुरते. पाण्यात उतरायचा प्रश्नच नाही, ते बाराही महिने गारठलेले असते. आणखी एक सूचना, जी कोकणात कोणी दिली नसेल: पुळणीवर असताना जमीन हादरली तर सामान आवरत न बसता थेट उंचावर चढावे. २६ जानेवारी १७०० रोजी या किनाऱ्यापुढच्या समुद्रतळाखाली फार मोठा भूकंप होऊन त्सुनामी आली होती, आणि रस्त्यांवर दिसणाऱ्या निळ्या-पांढऱ्या लाटेच्या पाट्या त्याचसाठी आहेत.

गाडीपाशी आल्यावर बूट काढूनच आत बसावे आणि ते वेगळ्या पिशवीत बांधून न्यावेत. घरी पोहोचल्यावर चिखल ओला असतानाच थंड पाण्याने धुवावा, तळाच्या खाचा जुन्या टूथब्रशने साफ कराव्यात आणि आतले तळवे काढून बुटांत कागद कोंबावा. आपल्याकडे यासाठी रद्दीतले वर्तमानपत्र असते. इथे किराणा दुकानांची जी जाहिरातपत्रके दर आठवड्याला टपालात येऊन पडतात, ती चालतात. रात्री एकदा कागद बदलावा. हीटरजवळ ठेवून घाईने वाळवलेल्या बुटांचा तळ सुटतो. बाल्कनीच्या आत, वारा लागेल अशा जागी ठेवले तर दोन दिवसांत ते पुन्हा घालता येतात.